एकट्याची रांग

आमच्या देऊळगांव राजास आश्विनांत बालाजीची यात्रा भरते. दर्शनास गर्दी लोटते, म्हणून रांग लावावी लागते. पण ज्या दारीं एकच माणूस यावयाचा, तेथें रांगेचा खटाटोप कशास? संगणकाच्या पोटांत असा खटाटोप पुष्कळ वर्षें चालू होता. तो दूर कसा झाला, तें आज पाहूं.

एका संगणकांत अनेक आभासी संगणक नांदवितां येतात. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यांत हें काम ‘केव्हीएम’ हा भाग करतो. तो २००७ सालीं तींत समाविष्ट झाला. प्रत्येक आभासी संगणकाचा प्रोसेसर हा खऱ्या यंत्राच्या दृष्टीनें कामाचा एक धागा होय. काम नसलें कीं हा धागा निजतो आणि खरा प्रोसेसर इतरांस मोकळा होतो. पुढें घड्याळाचा ठोका पडला, किंवा बाहेरून निरोप आला, कीं त्यास जागें करावें लागतें.

त्यासाठीं पूर्वीं प्रतीक्षेची रांग असे. रांग म्हटली कीं यादी आली आणि यादीस कुलूपही आलें. २०१६ सालीं तिच्या जागीं अधिक साधी रांग आली. परंतु निजणारा सदैव एकच! म्हणून २०२० सालीं डेव्हिडलोर ब्युएसो यांनीं रांगच काढून टाकली व निजणाऱ्या धाग्याची नोंद करण्यापुरती एकच जागा ठेवली. लिनक्सच्या ५.८ या आवृत्तींत ही सुधारणा आली.

रांग गेली तरी शिस्त मात्र जाऊन चालत नाहीं. निजणाऱ्यानें आधीं आपली नोंद करावी, मग काम आलें आहे काय हें पुन्हां पाहावें, आणि नंतरच निजावें. उठविणाऱ्यानें आधीं काम ठेवावें, मग नोंद पाहावी. असें केल्यास दोघांपैकीं एकास तरी दुसऱ्याची चाहूल लागतेच. आधुनिक प्रोसेसर मात्र वेगासाठीं लिहिण्यावाचण्याचा क्रम परस्पर बदलतो. यास्तव दोन पायऱ्यांमध्यें त्यास अडविणारी आज्ञा घालावी लागते. ती गाळली, तर काम दारांत पडून राहील, धाग्यास झोंप लागेल, आणि त्या संगणकावर विसंबलेला मनुष्य उत्तराची वाट पाहत बसेल.

श्रोतेहो, अनावश्यक तें काढावें. पण काढण्यापूर्वीं आवश्यक काय तें नीट ओळखावें. सोपेपणा येतो तो या विवेकानेंच.