वर्गाआधी वसतिगृह

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘सर्वांसाठी मोफत आणि दर्जेदार शिक्षण’. या विषयाची सुरुवात महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनापासून करायची रीत आहे. मग नामदार गोखल्यांचं १९११ चं विधेयक आणि ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी कसं पडलं ते सांगायचं. मग बडोद्याचे सयाजीराव, १९१७ चा कोल्हापूरचा सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम, घटनेचं कलम ४५ आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा. समोर निम्मे शिक्षक बसलेत, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. म्हणून मी ते बाजूला ठेवतो आणि ज्यासाठी आलोय त्यावर येतो.

शिक्षण मोफत करायचं म्हटलं की आपल्याकडे फी माफ होते. चांगली गोष्ट आहे. २०२४ च्या जुलैत राज्य सरकारने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. त्या निर्णयाचं मी मनापासून स्वागत केलं, आजही करतो. पण तो निर्णय वाचून एखादी मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला निघाली की तिचा बाप पहिला प्रश्न काय विचारतो? राहायचं कुठं आणि जेवायचं काय. कॉट बेसिसवर जागा आणि दोन वेळची मेस धरली तर महिन्याला सात-आठ हजार सहज जातात. वर डिपॉझिट वेगळं. कोरडवाहू चार एकरवाल्याने ते आणायचे कुठून? मग ती मुलगी तालुक्यालाच बीएला नाव घालते, आणि आपल्या कागदोपत्री तिचं इंजिनिअरिंग मोफतच राहतं.

मी बरीच वर्षं एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. त्या अनुभवावरून माझं मत पक्कं झालंय: मुलाच्या ताटाची आणि झोपायच्या जागेची सोय जो करतो, तोच त्याचं शिक्षण मोफत करतो. बाकीचे सवलत देतात.

शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. आणि गळती खरी सुरू होते ती तिथूनच पुढे. वाडीची शाळा चौथीला संपते, गावची सातवी-आठवीला. नववीला मोठं गाव गाठायचं, अकरावीला तालुका, पदवीला जिल्हा. इयत्ता वाढली की अंतर वाढतं. हे सरकारला कळत नाही असं मी म्हणणार नाही. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या सव्वाशे मागास तालुक्यांत मुलींसाठी वेगळ्या एसटी सुरू झाल्या. त्या निळ्या गाड्यांनी किती मुली दहावीपलीकडे नेल्या हे खेड्यात जाऊन विचारा. ज्याच्या डोक्यातून ती कल्पना निघाली त्याला माझा नमस्कार आहे.

एसटीचा विषय निघालाच आहे, तर डब्याचं सांगतो.

आपल्या स्टँडवर सकाळी नऊ-साडेनऊला उभं राहिलात तर दिसेल. गाडी फलाटाला लागते, ड्रायव्हरच्या केबिनमधून डबे खाली येतात. स्टीलचे, ॲल्युमिनियमचे, कुणाचा कापडी पिशवीत गुंडाळलेला. झाकणावर ऑइलपेंटने नाव आणि गाव लिहिलेलं. खोली करून राहिलेली पोरं तिथं वाट बघत असतात. आदल्या दिवशीचा रिकामा डबा त्याच गाडीत चढवायचा, भरलेला उचलायचा आणि कॉलेजला पळायचं. तिकडे आई चारला उठते, भाकऱ्या थापते, पहिल्या गाडीला डबा देण्यासाठी फाट्यापर्यंत चालत येते. या डब्यावर महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या. आज या सभागृहात बसलेले किती जण…

(प्रेक्षकांतून आवाज: “सर, आमचा डबा कंडक्टर मामाच संपवायचे!” हशा.)

असेल, असेल. पण तेच मामा परीक्षेच्या दिवशी गाडी थांबवून पोराची वाट बघायचे, हेही सांगा. (टाळ्या) आणि डब्यात काय असायचं तेही सांगतो, कारण ते महत्त्वाचं आहे. दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भाजी. एकदाच यायचा. त्यातली एक भाकरी सकाळी, एक रात्री. रात्रीची भाकरी मे महिन्यात वातड होते आणि पावसाळ्यात तिला वास येतो. सतरा वर्षांचं वाढतं अंग आणि चोवीस तासांत दोन भाकरी! त्यावर त्याने फिजिक्स समजून घ्यायचं.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांची बाजू काय, सरकारची काय, त्यात मी शिरत नाही. तो संप पगारावरचा होता तसाच तो या डब्यांवरही आला, एवढंच सांगतो. आमच्या स्टँडवर डबे यायचे थांबले. आधी कोरोनाने दीड वर्ष खाल्लं होतं, पोरं नुकती परत आली होती. काहींनी खोलीवर गॅस आणला, काही वडापाववर राहिली, काही निमूट सामान घेऊन गावी गेली. माझ्या ओळखीतला एक मुलगा तेव्हा बारावी सायन्सला होता. गणितात हुशार. तो गेला तो परत आला नाही. आता ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर आहे. त्याची कॉलेजची फी माफच होती.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.)

अध्यक्ष म्हणतात, इतिहासातलेही दाखले द्या. देतो, तेही मेसचेच आहेत.

पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. माधुकरी होतीच. त्या व्यवस्थेने पुष्कळ मोठी माणसं घडवली. पण ती सोय कुणाला होती? ज्याला त्या घरात पाटावर बसवून घेत, त्याला. बाकीच्या पोराला पुण्यात किंवा कोल्हापुरात शाळेत प्रवेश मिळाला असता तरी त्याला रात्री जेवायला कोण घालणार होतं? शाहू महाराजांना हे नेमकं दिसलं. १९१७ चा सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम सगळे सांगतात, पण त्याच्या सोळा वर्षं आधी, १९०१ साली, त्यांनी मराठा बोर्डिंग काढलं होतं. त्याच साली जैन बोर्डिंग. पुढे १९०६ ला मुसलमान मुलांचं, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. क्रम बघा. आधी राहायची-जेवायची सोय, मग कायदा. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यासाठी.

(प्रेक्षकांतून प्रश्न: “पण सर, जातवार वसतिगृहं काढून जात पक्कीच केली ना?”)

थांबा, हा प्रश्न रास्त आहे आणि तो मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. महाराजांनी आधी, १८९६ च्या सुमाराला, सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं. तिथे एकाच वर्गाची मुलं भरली, बाकीची फिरकेनात. मग त्या त्या समाजाला उभं करून त्यांच्याकडूनच बोर्डिंगं चालवून घेतली. तुम्ही म्हणता ती भिंत तिथे होती, नाकारत नाही. पण ती फुटली कुठे, तेही ऐका.

कुंभोजचा एक मुलगा कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहायला होता. तो मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, आंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही. तो म्हणाला, करणार नाही. बोर्डिंगातून नाव कमी झालं, आणि शाहू महाराजांनी त्याला आसरा दिला. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. ज्याला वसतिगृहाच्या दारावर अडवलं, त्याने १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्याला असं बोर्डिंग उघडलं की जिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसली. १९२७ ला गांधीजी तिथे आले आणि त्या बोर्डिंगाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव त्यांच्या हस्ते दिलं गेलं. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना माझं हेच उत्तर आहे. जात मोडण्याचं काम वर्गातल्या बाकावर जेवढं झालं, त्याहून जास्त त्या पंगतीत झालं. (टाळ्या)

आणि ते चाललं कशावर? लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, पोरांच्या पोटासाठी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. ही गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो आणि तिथेच सोडतो. मला त्यापुढचं सांगायचंय. एका बाईच्या दागिन्यांवर बोर्डिंग किती महिने चालेल? भाऊरावांनी मुष्टिफंड काढला. घरातल्या बाईने दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते गोळा करून बोर्डिंगला आणायचं. मोठ्या देणगीदाराची वाट पाहिली नाही. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथे पोरांनी काम करून शिकायचं, कमवा आणि शिका. पुण्यात १९५५ ला अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली, खेड्यातून आलेल्या मुलांसाठीच. बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं तेव्हा नागसेनवनात वसतिगृहंही आली. ज्यांनी ज्यांनी तळातल्या मुलाला शिकवायचं मनावर घेतलं, ते सगळे फिरून स्वयंपाकघरापाशीच आले.

आता कुणी म्हणेल, पैसे थेट खात्यावर टाका, मुलगा बघेल त्याचं तो. टाकलेत. २०१८ ला आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यावर द्यायचं ठरवलं. मुलं काय म्हणाली? त्या जुलैत, भर पावसात, ती पुण्याहून नाशिकला पायी निघाली. मागणी होती, पैसे नकोत, मेस चालू ठेवा. जगात कुठे तरुण पोरं ‘आम्हाला रोख देऊ नका’ म्हणून रस्त्यावर आलेली तुम्ही पाहिलीत? त्यांना माहीत होतं की पैसे उशिरा येतात, आले की घरून फोन येतो, खताला लागतात, आजारपणाला लागतात. घरच्यांचं चुकत नाही, गरज खरी असते. पण ताटातली भाकरी कुणी मागून नेत नाही. शाळेच्या खिचडीत सरकारला हे आधीच समजलं होतं. १९९५ ला महिन्याला तीन किलो तांदूळ देत, तो घरी जायचा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्या म्हणून सांगितलं, तेव्हा ते मुलाच्या पोटात गेलं. दहा वर्षांच्या मुलाला जे लागू पडतं ते अठरा वर्षांच्याला का नाही?

‘दर्जेदार’ या शब्दावर बोलायला मला वीस मिनिटं हवी होती, अध्यक्ष पाच म्हणतात. तर पाचात बोलतो.

तरुण मंडळी म्हणतात, सगळे धडे मोबाइलवर फुकट आहेत, आयआयटीच्या प्राध्यापकांचेसुद्धा. आहेत, आणि ते फार मोठं काम झालंय. पण दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा अकरावी सायन्सला येतो आणि एका रात्रीत सगळं इंग्रजी होतं. ‘वेग’ माहीत असतो, ‘व्हेलॉसिटी’ माहीत नसतं. तो वर्गात विचारत नाही, लाजतो. मोबाइलला विचारायचं तर काय विचारायचं तेच कळत नाही. वसतिगृहात रात्री दहाला बारावीचा पोरगा त्याच्या कॉटवर येऊन बसतो आणि म्हणतो, अरे, हे ते आपलं आठवीतलंच आहे. पाच मिनिटांत उलगडतं. हे मी डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिलंय. लाइट असते, शेजारी दुसरा अभ्यास करत असतो, कुणी शेळी बांधायला उठवत नाही. मुलींच्या बाबतीत तर विचारूच नका, घरी संध्याकाळ स्वयंपाकात जाते. दर्जा म्हणतात तो निम्मा संध्याकाळी सात ते अकरामध्ये ठरतो, आणि त्या चार तासांवर आपलं एकही धोरण बोलत नाही.

सरकारी वसतिगृहांतले प्रवेश उशिरा का होतात, गृहपालांची पदं रिकामी का राहतात, यावर टिपणं काढून आणली होती. ती राहू द्या. वेळ संपली, आणि मला मागायचंय ते राहून जायला नको.

आपल्या गावात स्टँडच्या मागे जुनी धर्मशाळा आहे. छप्पर धड आहे, पाण्याची टाकी आहे. वीसेक मुलं आरामात राहतील. विश्वस्तांशी माझं बोलणं झालंय, चार भिंती द्यायला ते तयार आहेत. स्वयंपाकाला दोन बायका मिळाल्यात, त्यांना पगार द्यायचाय, फुकट राबवायचं नाही. राहिला प्रश्न धान्याचा. मोठी देणगी मला नको. मोठा देणगीदार एका वर्षी देतो, दुसऱ्या वर्षी त्याचा मुलगा नाही म्हणतो. मला या सभागृहातल्या प्रत्येक घरातून महिन्याला धान्य हवंय. ज्वारी, बाजरी, तांदूळ, जे पिकतं ते. शहरात राहणाऱ्यांनी तेल-डाळीचं बघावं. आणि निवृत्त शिक्षकांनो, तुम्ही आठवड्यातून एक संध्याकाळ द्या, शिकवायला नको, नुसतं तिथे येऊन बसा.

दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. नाव, गल्ली आणि महिन्याला किती किलो देणार, एवढंच लिहायचं. आज मे महिन्याची अखेर आहे. १५ जूनला शाळा उघडतात, आणि अकरावीला येणारी पोरं त्याच सुमारास खोल्या शोधायला स्टँडवर उतरतात. जाताना वहीत नाव घालून जा.