एकाच जंगलातल्या दोन वसाहती

मी जबलपूरहून बोलतोय. इथे थंडी सुरू झाली की तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार लागतो. माल बहुतेक लुधियानाचा, पण गिऱ्हाइकाला वाटतं ल्हासाहून आलाय! विकणाऱ्याला ‘नेपाळी’ म्हणून हाक मारणारेही भेटतात. या माणसांना आपलं सरकार कोण समजतं, ते आज सांगतो.

जबलपूरहून दक्षिणेला रेल्वेने गोंदिया. त्या जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळ गोठणगाव आहे. तिथे 1972 साली तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत बसली. याच पट्ट्यात पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगालीही वसवले गेले. पुढे गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेऱ्यापर्यंत त्यांची गावं आहेत. जंगल तेच, धानाची शेती तीच. धोरण मात्र वेगळं.

बंगाली कायमचे राहणार, हे सरकारने धरूनच ठेवलं होतं. ते नागरिक झाले, मतदार झाले. मतदार झाला की पुढारी दारात येतो. त्यांची गाऱ्हाणीही आता नागरिकाची आहेत: नमःशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात नाहीत, असं का?

तिबेटी मात्र पाहुणे. कागदावर परदेशी. पोलिसांकडे नोंदणी करायची आणि ती मुदतीत नवी करून घ्यायची. मला पेन्शनीसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा तर कंटाळा येतो. इथे पिढ्या गेल्या. हे त्यांच्या नेत्यांनाही काही अंशी हवं होतं. सगळेच भारतीय झाले, तर तिबेटला परत जाणार कोण?

कायदा म्हणतो, 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. हे तिबेटींनाही लागू आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाला 2010 साली सांगावं लागलं. म्हणजे 1985 चा थोरला भारतीय, 1988 चा धाकटा परदेशी, आणि दोघांची चूल एक. पुढे 2017 साली पासपोर्टाची वाट मोकळी झाली, तर अट आली की वसाहत सोडा.

फौजी म्हणून मला हे खुपतं. 1962 मध्ये उभारलेल्या स्पेशल फ्रंटियर फोर्समधले तिबेटी जवान 1971 साली चितगावच्या डोंगरात लढले. ऑगस्ट 2020 मध्ये लडाखला पँगाँगजवळ कंपनी लीडर निमा तेंझिन सुरुंगाच्या स्फोटात गेले. शवपेटीवर तिरंगा होता, तिबेटचा झेंडाही होता.

नागरिकत्व कुणावर लादू नये. पण मागणाऱ्याला घर सोडायला का लावायचं? निदान ज्या घरातून कुणी वर्दी घातली, त्या घरापासून तरी सुरुवात करा.