क्रूझ जहाजे का थांबली?

क्रूझ जहाज म्हणजे समुद्रावरचे तरंगते हॉटेल, श्रोतेहो.
हजारो माणसे तिथे एकत्र राहतात.
जेवणघर, नाट्यगृह, लिफ्ट, सारे सामाईक असते.
त्यामुळे साथ झपाट्याने पसरते.

फेब्रुवारी 2020 मध्ये हेच दिसले.
जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस हे जहाज विलगीकरणात ठेवले गेले.
जहाजावरच्या जवळजवळ दर पाच जणांपैकी एकाला कोरोनाची लागण झाली.
प्रवासी खोल्यांत थांबले.
कर्मचाऱ्यांना मात्र काम करावेच लागत होते.
त्यांच्या खोल्याही सामाईक होत्या.
म्हणून संसर्ग त्यांच्यातही पसरला.

मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांनी सफरी थांबवल्या.
अमेरिकेने प्रवासी क्रूझवर बंदी घातली.
अनेक देशांनी बंदरे बंद केली.
बंदर नाही, तर सफर नाही.

बंदरे बंद असल्याने जहाजांवरचे गोवा आणि मुंबईचे अनेक कर्मचारी कित्येक आठवडे समुद्रातच अडकले.

जहाज उभे राहिले, तरी खर्च थांबत नाही.
इंधन लागते.
देखभाल लागते.
तिकिटांचे पैसे मात्र येत नाहीत.
त्यामुळे काही जहाजे भंगारात गेली.
मुंबईहून सफरी करणारे कर्णिका हे जहाज 2020 च्या अखेरीस गुजरातमधील अलंगला तोडण्यासाठी पोहोचले.

थोडक्यात, कारणे दोन.
जहाजावर दाटीचा सहवास,
आणि किनाऱ्यावर बंद बंदरे.

लस आल्यानंतर, 2021 च्या जूनमध्ये, अमेरिकेच्या बंदरांतून मोठ्या क्रूझ सफरी पुन्हा सुरू झाल्या.