आजारातून उठलेले मूल



चार दिवस तापाने फणफणलेले मूल शाळेत परत येते. पाठ असलेला पाढा त्यास आठवत नाही; मधल्या सुटीत खेळावयास न जाता ते भिंतीला टेकून बसते. "ताप उतरला, आता आळस पुरे!" असे आपण सहज बोलून जातो. या बोलण्याने मुलावर अन्याय होतो. तो कसा, एवढेच आज मांडावयाचे आहे.

रोगजंतू शरीरात शिरले की पांढऱ्या पेशी त्यांच्याशी झुंजतात व त्याच वेळी सायटोकाइन नावाची प्रथिने स्रवतात. ही प्रथिने म्हणजे मेंदूस धाडलेले निरोपच होत. काही निरोप रक्तावाटे जातात, तर काही व्हेगस नामक मज्जातंतूवाटे. ते पोहोचले म्हणजे मेंदू शरीराचे तापमान वाढवितो, भूक मंदावते, झोप येते, कशातही मन लागत नाही. दुखणाईत बैल चारा टाकून गोठ्यात निपचित पडतो, तो याच कारणाने. हे वागणे म्हणजे केवळ दुबळेपणा नसून रोगाशी लढण्यासाठी शक्ती राखण्याची शरीराची योजना होय, असे बेंजामिन हार्ट या अमेरिकन पशुवैद्यांनी १९८८ साली प्रतिपादिले. ताप उतरला तरी ही मरगळ काही दिवस रेंगाळू शकते.

उलट दिशेनेही निरोप जातात. १९७५ साली अमेरिकेत रॉबर्ट एडर व निकोलस कोहेन यांनी उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी पाजून त्याबरोबर प्रतिकारशक्ती क्षीण करणारे औषध टोचले. पुढे औषधाविना नुसते गोड पाणी दिले, तरीही त्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये कमी तयार झाली. मेंदूने जे शिकून घेतले, ते शरीराने पाळले! मात्र यावरून केवळ मनोबलाने रोग हटतो, असा अर्थ कोणी काढू नये. औषधोपचार हवाच.

तेव्हा, असे मूल वर्गात आले तर त्याचा बुडालेला अभ्यास पहिल्याच दिवशी वसूल करू नये. त्यास पाणी प्यावयास व विसावा घेण्यास मोकळीक द्यावी. मरगळ लांबली किंवा वाढली, तर पालकांस सांगून त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविण्याची व्यवस्था करावी. शिक्षा करण्यापूर्वी "बाळ, बरे वाटते ना?" एवढे विचारावे, अशी विनंती आहे.