आधी अहवाल, मग घर



पहिलं घर घ्यायचं ठरलं की आपण शनिवार-रविवार सॅम्पल फ्लॅट बघत हिंडतो, बिल्डरला टोकन देतो आणि मग बँकेत जातो. तिथले साहेब पॅन नंबर टाकतात आणि म्हणतात, "तुमचा सिबिल कमी आहे." पगार बरा, कागदपत्रं चोख, तरी कर्ज अडतं आणि टोकन अडकतं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की घरं बघायच्या वर्षभर आधी स्वतःचा पतअहवाल बघा.

त्यातला स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो; ७५०च्या पुढे बँका सहसा खळखळ करत नाहीत. सिबिल धरून देशात असे स्कोअर आणि अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपला अहवाल आपणच पाहिला तर स्कोअर घटत नाही.

आकडा पाहून थांबू नका, खालचं वाचा. प्रत्येक कर्जापुढे महिन्यांच्या चौकटी असतात. चौकटीत शून्यं म्हणजे हप्ता वेळेवर. ३० म्हणजे तीस दिवस थकलेला. टीव्हीचा विसरलेला हप्ता इथेच सापडतो. मेहुण्याला जामीन राहिला असाल तर तेही कर्ज इथे दिसतं.

वसुलीवाला फोनवर सांगतो, "साठ हजारांचे चाळीस भरा, मिटवून टाकू." प्रकरण मिटतं, पण अहवालात 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' अशी नोंद पडते. पुढची बँक त्यातून एवढंच समजते, की यांनी पैसे पुरते फेडलेले नाहीत. शक्य असेल तर उरलेली रक्कम भरा, ना-हरकत दाखला घ्या आणि नोंद बदलून घ्या. नोंदच चुकीची असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे.

एरवी पथ्य साधं आहे. कार्डाची मर्यादा एक लाख असेल तर खर्च तीस हजारांच्या आत ठेवा. एकाच वेळी पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते. आणि महिन्याभरात स्कोअर वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. अहवालात मागचे छत्तीस महिने दिसतात, ते कुणाला पुसता येत नाहीत.

कमी स्कोअरवर कर्ज मिळालं तरी व्याज चढं लागतं. तीस लाख, वीस वर्षं, साडेआठऐवजी नऊ टक्के, असा हिशेब मांडा. हप्ता महिन्याला साडेनऊशे रुपयांनी वाढतो आणि कर्ज फिटेपर्यंत सव्वादोन लाखांहून जास्त रक्कम जादा जाते. तेवढ्यात घरातलं फर्निचर होतं.