अर्जापाशी अडलेली शिष्यवृत्ती



शिक्षणासाठी मिळणाऱ्या शासकीय साहाय्याचा विषय निघाला, की योजना किती आणि तरतूद किती, हे दोनच प्रश्न विचारले जातात. तिसरा प्रश्न सहसा राहून जातो : ज्याच्यासाठी योजना आखली, त्याच्या हाती ती पोहोचते का?

बीड जिल्ह्यातील एखाद्या ऊसतोड कुटुंबातील मुलगी डोळ्यांसमोर आणावी. बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन तिने महाविद्यालयात प्रवेश घेतला आहे. 'महाडीबीटी' संकेतस्थळावर अर्ज करण्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो मोबाइल वडिलांपाशी, आणि वडील गळीत हंगामासाठी दूरच्या कारखान्याच्या फडात! उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील गाठावे, तर दिवसाची मजुरी बुडते. अर्ज मंजूर झालाच, तर रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. ते खाते कोणते, हे पुष्कळदा घरात कोणालाच ठाऊक नसते.

यात कोणी नियम मोडलेला नसतो, कोणी लाच मागितलेली नसते. तरीही शुल्क थकते आणि पुढील वर्षीच्या हजेरीपटावर त्या मुलीचे नाव नसते.

थेट खात्यात रक्कम देण्याची पद्धत योग्यच आहे. मध्यस्थांचे हात तिने आखडले. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय केला, तोही स्वागतार्ह आहे. परंतु निर्णय मंत्रालयात होतो आणि त्याची कसोटी गावातल्या सेवा केंद्राच्या खिडकीपाशी लागते.

राजर्षी शाहू महाराजांनी हे मर्म ओळखले होते. खेड्यातला मुलगा केवळ शुल्कामुळे अडत नाही; शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय, येथे तो अडतो, हे त्यांनी पाहिले. म्हणूनच १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. आधी अडचण पाहिली, मग व्यवस्था उभारली. आज शुल्काची शिष्यवृत्ती त्यांच्याच नावाने दिली जाते. तिच्या अर्जाची रचनाही त्याच दृष्टीने व्हावयास हवी.

शासनाकडे एकदा दिलेला दाखला पुन्हा का मागावा? अर्ज परत पाठवताना नेमकी त्रुटी सोप्या मराठीत का सांगू नये? नवी रचना लागू करण्यापूर्वी अधिकाऱ्याने एखाद्या विद्यार्थिनीशेजारी बसून ती कुठे थबकते, हे का पाहू नये? याला फार मोठा निधी लागत नाही, दृष्टी लागते.

तोवर कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. प्रत्येकाने आपल्या वस्तीतील एका विद्यार्थ्यासोबत अर्ज अखेरपर्यंत भरावा, प्रत्येक अडथळा तारखेसह टिपून ठेवावा आणि ती टिपणे समाजकल्याण कार्यालयात नेऊन द्यावीत. भाषणांपेक्षा अशा टिपणांनीच व्यवस्था सुधारते.