बीपी वाढलं म्हणजे सिझरच का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पुण्यातल्या कुठल्याही प्रसूतिगृहाच्या बाकावर थोडा वेळ बसलात, तर एक वाक्य हमखास कानी पडेल : ‘डॉक्टर, बीपी वाढलंय ना, मग सिझर करून मोकळी करा हो तिला.’ स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मी हे वर्षानुवर्षं ऐकते आहे. बोलणाऱ्याच्या पोटात भीती असते, म्हणून रागवावंसं वाटत नाही.

पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, की त्याला आम्ही प्रिएक्लॅम्प्सिया म्हणतो. खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही धोक्याची चिन्हं. पुढची पायरी म्हणजे झटके. मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनांनी झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो, हे ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासातून २००२ मध्ये दिसलं. पण आजाराचं मूळ वारेत असतं. ती बाहेर पडल्याशिवाय तो उतरणीला लागत नाही. तेव्हा बाळंतपण व्हायला हवं, हे नातेवाइकांचं म्हणणं खरंच आहे. ते पोट उघडूनच व्हायला हवं, हे मात्र खरं नाही.

अडचण असते कळा आणण्याची. गर्भाशयाचं तोंड घट्ट मिटलेलं, आणि हाताशी वेळ कमी. अशा वेळी काय करावं, याचा उत्तम अभ्यास आपल्याच नागपुरात झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय या दोन सरकारी ठिकाणी, रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर. निम्म्या जणींना फोलीची नळी, म्हणजे लघवीसाठी वापरतात तीच फुग्याची नळी, गर्भाशयाच्या तोंडात बसवली. उरलेल्यांना दर दोन तासांनी मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी तोंडाने दिली. हे मूळचं पोटातल्या अल्सरचं औषध! कुणाला काय द्यायचं, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. डॉक्टरांवर सोपवलं असतं, तर नकळत नाजूक रुग्णांना एकच उपाय मिळाला असता आणि तुलना फसली असती.

निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. चोवीस तासांत नैसर्गिक बाळंतपण गोळी घेतलेल्यांत शंभरात ५७ जणींचं, नळीवाल्यांत ४७ जणींचं झालं. गोळी म्हणजे जादू नव्हे. उरलेल्यांत काहींना अधिक वेळ लागला, काहींचं सिझर झालं. पण शंभरात दहा जणींचा फरक एका स्वस्त गोळीने पडतो, हे थोडं नाही. ही गोळी घरी घ्यायची नाही, हे बजावून सांगते. मात्रा जास्त झाली तर गर्भाशय फाटू शकतं.

नागपुरातच ८९४ स्त्रियांवर झालेला दुसरा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. फार चढलेला रक्तदाब साध्या तोंडी गोळ्यांनीही सहा तासांत आटोक्यात येतो, असं त्यात दिसलं : निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटालॉलने ७७, मिथिलडोपाने ७६.

मग सिझर एवढी का वाढली? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये शंभरातली २० बाळंतपणं सिझरने झाली, २०१९-२१ मध्ये २५. त्याच पाहणीत देशभरातल्या खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७ टक्के, सरकारीत १४ आहे. पैशाकडे बोट दाखवणं सोपं आहे, आणि ते सगळं खोटंही नाही. माझ्या मते खरी टंचाई आहे ती थांबण्याची. कळा येईपर्यंत उशाशी कुणीतरी हवं, रात्री दोनलाही बीपी मोजणारं, बाळाचे ठोके ऐकणारं. छोट्या रुग्णालयात अशी एक अनुभवी परिचारिका मिळवणं शस्त्रक्रियागृह उभारण्याइतकंच अवघड झालंय.

बाळाचे ठोके मंदावले, वार सुटू लागली किंवा बाळ आडवं असलं, तर मीही क्षणभर थांबत नाही. पण गर्भाशयावरचा तो व्रण पुढच्या बाळंतपणातही सोबत येतो. वार व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो, आणि वर सांगितलेली गोळी तर व्रण असलेल्या गर्भाशयाला चालतच नाही. म्हणून सिझर झालेलं असेल, तर शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवा. आतला छेद आडवा होता की उभा, हे पोटावरच्या टाक्यांवरून पुढच्या डॉक्टरला कळत नाही.